भिंतीवरची सावली आणि आईचा कंदील

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात वाढलेल्या माणसाला पावसाळी रात्रीचे भय समजावून सांगावे लागत नाही. वीज गेलेली असते, कौलांवर पाऊस कोसळत असतो आणि अंगणात पाऊल टाकण्याआधी पायाखाली फुरसे नाही ना, हे पाहावे लागते. लाकडाच्या ढिगात हात घालताना विंचवाची आठवण होतेच. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात, अशाच डोंगरांच्या कुशीतल्या गागोदे या खेड्यात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना विनोबा या नावाने ओळखू लागले. भूदानाचे विनोबा आणि ‘गीताई’चे विनोबा आपल्याला शाळेपासून माहीत असतात. भीती या विषयाचा जन्मभर अभ्यास करणारे विनोबा मात्र फारसे कुणी सांगत नाही.

विनोबा जन्मतः निर्भय नव्हते. लहानपणी ते इतर मुलांइतकेच घाबरत. एकदा दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेली मोठी थोरली सावली पाहून ते भेदरले आणि आईकडे धावले. आई रुक्मिणीबाईंनी त्यांना रागावले नाही की हसण्यावारीही नेले नाही. ही सावली तुझी चाकर आहे, तू बसलास की ती बसते, तू उठलास की ती उठते, असे त्यांनी मुलाला समजावले. मुलाने करून पाहिले आणि भीती गेली. भुतांच्या बाबतीतही आईचा उपाय असाच होता. देवाच्या भक्ताला भुते त्रास देत नाहीत. तरीही भीती वाटली, तर कंदील घ्यायचा, रामाचे नाव घ्यायचे आणि जाऊन पाहायचे.

आजचे मानसोपचारतज्ज्ञ विशिष्ट गोष्टींच्या भीतीवर जे उपचार करतात, त्याचा गाभा हाच आहे. ज्याची भीती वाटते त्याला टाळत राहिले की भीती वाढते, आणि सुरक्षित रीतीने, थोडे थोडे सामोरे गेले की ती ओसरते. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. घंटा वाजली की अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, छाती धडधडते, श्वास वरवर आणि जलद होतो, तळहातांना घाम सुटतो. पळायला किंवा लढायला शरीर सज्ज होते. ही घंटा सावली आणि साप यांत लगेच फरक करत नाही. तो फरक अनुभवाने शिकवावा लागतो, आणि त्यासाठी कंदील घेऊन जवळ जावे लागते.

देवावर बसलेला विंचू

गागोद्याच्या घरात धाक होता तो आजोबा शंभुरावांच्या व्रतस्थपणाचा. त्यांची पूजा तास न् तास चाले. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू दिसला. घरात आरडाओरडा झाला. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कुणी हात लावू नये, असे आजोबांनी सांगितले आणि गंध-फूल वाहून पूजा पुरी केली. थोड्या वेळाने विंचू आपला उतरून निघून गेला. विनोबांनी ही आठवण आयुष्यभर जपली.

या आठवणीतला विंचू मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. कोकणातल्या लाल विंचवाचे विष थेट हृदयावर आघात करते. एकेकाळी त्याने मुले दगावत. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या रुग्णांचे प्राण वाचवता येतात हे दाखवले आणि ते उपचार जगभर गेले. म्हणजे विंचवाची भीती खोटी नाही. आजोबांनीही धोका नाकारला नव्हता. ते घाबरून धडपडले नाहीत आणि त्यांनी कुणाला धडपडू दिले नाही, इतकेच. घाबरलेल्या हाताने विंचू झटकायला जाणाराच बहुधा दंश करून घेतो. धोका ओळखणे आणि धोक्याने गांगरून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे विनोबांनी ज्याला अभय म्हटले ते या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

घर सोडले, शास्त्र धरले

वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्याला होते. विनोबाही पुढे शिक्षणासाठी तिकडे गेले. गणितात हुशार असलेल्या या मुलाने १९१६ साली आपली प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत टाकली. मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक वाटेत सुरतेला उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. काशीत त्यांना गांधीजींच्या गाजलेल्या भाषणाची हकीकत कळली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोचले. गांधीजींच्या आश्रमाच्या व्रतांत अहिंसा आणि सत्य यांच्याबरोबर निर्भयतेलाही स्थान होते. ही अकरा व्रते दोन मराठी श्लोकांत बांधली ती विनोबांनीच.

१९१७ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी आणि अध्ययनासाठी ते वर्षभर रजेवर गेले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांनी उपनिषदे, गीता आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे अभ्यासली. त्याच वर्षी पतंजलीचे योगदर्शनही झाले. अभ्यासाच्या जोडीला सुमारे ४०० मैलांची पायपीट होती. रायगड, सिंहगड, तोरणा हे किल्ले त्यांनी पायी पाहिले. वर्ष पुरे होताच ठरल्या दिवशी ते आश्रमात परतले.

योगदर्शन म्हटले की आपल्याला आसने आठवतात. पतंजलीचा मुख्य विषय मात्र मन हा आहे. माणसाला त्रास देणारे पाच क्लेश त्याने सांगितले आहेत. अविद्या म्हणजे वस्तू आहे तशी न दिसणे, अस्मिता म्हणजे मीपणा, राग म्हणजे ओढ, द्वेष म्हणजे तिटकारा आणि पाचवा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची वृत्ती, मरणाचे भय. हा पाचवा क्लेश विद्वानांनाही सुटत नाही, असे पतंजली स्पष्ट सांगतो. वैद्यकाच्या नजरेने पाहता यात मोठा दिलासा आहे. भीती वाटणे हा दुबळेपणा नाही. तो जिवंत शरीराचा स्वभाव आहे. योगाचा भर भीतीशी झुंजण्यापेक्षा तिच्या मुळाशी जाण्यावर आहे, आणि ते मूळ म्हणजे वस्तू नीट न दिसणे. भिंतीवरच्या सावलीची गोष्ट हीच.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई गेल्या. विनोबा तेव्हा २३ वर्षांचे होते. आईला गीता मराठीत वाचायची होती आणि ती मुलानेच करावी असे तिला वाटत होते. ते काम १९३०-३१ मध्ये झाले. त्या पुस्तकाच्या नावातच ‘आई’ आहे.

धुळ्याच्या तुरुंगातले रविवार

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते सोबतच्या राजबंद्यांना गीतेचा एक एक अध्याय समजावून सांगत. २१ फेब्रुवारीला सुरू झालेली ही अठरा प्रवचने १९ जूनला संपली. समोर बसून ती उतरवून घेणारे होते साने गुरुजी. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले.

सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी येते आणि तिच्यात पहिले नाव अभयाचे आहे. विनोबांनी ही यादी एखाद्या सैन्याच्या रचनेसारखी मांडली. आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता आणि मध्ये बाकीचे सारे गुण. अभय नसेल तर एकही गुण पुढे सरकत नाही. घाबरलेला माणूस खरे बोलू शकत नाही, दया करू शकत नाही, दान देऊ शकत नाही. आणि नम्रता नसेल तर मिळवलेले अभय माजोरीत बदलते. हे ऐकणारी माणसे तुरुंगात होती. आजारी कुटुंब, बुडालेला धंदा, शिक्षा किती काळ चालेल याची अनिश्चितता हे सारे त्यांच्या मागे होते. भीती हा त्यांच्यासाठी पुस्तकातला विषय नव्हता.

८८ पौंडांचा माणूस

निर्भयतेचा शरीराशी काय संबंध, हे विनोबांच्या आयुष्यात सगळ्यात ठळक दिसते ते १९३८ मध्ये. वर्ध्याजवळ काम करता करता त्यांची प्रकृती पार ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आले. गांधीजी काळजीत पडले. त्यांनी डॉक्टरांना दाखवायला आणि थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवले. विनोबांनी थोडी मुदत मागून घेतली आणि वर्ध्यापासून काही मैलांवर, पवनारला धाम नदीकाठी असलेल्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात ते राहायला गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाची आणि कामाची सगळी चिंता सोडत असल्याचा संकल्प तीनदा उच्चारला.

पवनारला ते रोज थोडे खणत. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटे, मध्ये मध्ये विश्रांती घेत, मग हळूहळू वेळ वाढवत. आहार मोजका, झोप पुरेशी, मन शक्य तितके रिकामे. वर्षाच्या आतच वजन १२८ पौंडांवर, सुमारे ५८ किलोंवर गेले. याच खोदकामात त्यांना राम-भरत भेटीचे जुने शिल्प सापडले. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. सतत चिंतेत असलेल्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी तणावाची संप्रेरके दीर्घकाळ वाढलेली राहू शकतात. भूक मरते, झोप उडते, पचन बिघडते, स्नायू झिजतात. चिंता उतरली, झोप लागली, अन्न अंगी लागू लागले आणि बेताबेताने वाढवलेल्या श्रमाने स्नायू भरले, की वजन वाढणारच. आजारातून उठलेल्या रुग्णाला आजही व्यायाम असाच पायरीपायरीने वाढवायला सांगतात. विनोबांनी काम टाकले नव्हते, कामाचे ओझे मनावरून उतरवले होते.

श्वासाचेही तसेच. संथ श्वास, विशेषतः लांबवलेला उच्छ्वास, व्हेगस मज्जातंतूच्या मार्गाने हृदयाची गती खाली आणतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेत पाच-दहा मिनिटे बसले, तर बहुतेकांना धडधड कमी झाल्याचे जाणवते. श्वास ओढून-ताणून रोखू नये. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबावे. हृदयविकार, दमा किंवा गर्भावस्था असेल तर कोंडून धरण्याचे आणि जोरजोरात करण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. योगाचा उपयोग किती, याचाही प्रामाणिक हिशेब हवा. चिंताविकाराच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत योगाने नुसत्या तणावविषयक माहितीपेक्षा अधिक गुण आला. मात्र विचारपद्धती बदलणाऱ्या मानसोपचाराइतका तो नव्हता. योग हा चांगला सोबती आहे, प्रत्येक वेळी एकटा पुरेसा नाही.

दुसऱ्यांच्या भीतीतून चालत

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडले आणि देशाने हे नाव प्रथमच मोठ्या अक्षरांत वाचले. खरी परीक्षा मात्र स्वातंत्र्यानंतर आली. १९५१ साली तेलंगणात सशस्त्र उठाव चालू होता. गावकऱ्यांना रात्री बंडखोरांची भीती आणि दिवसा पोलिसांची. विनोबा तिथे पायी गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित वस्तीतल्या ४० कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि गावच्या रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली ती तेरा वर्षे चालली. ४० लाखांहून अधिक एकर जमीन दानात आली. त्यातली बरीच नापीक निघाली, बरीच कधी वाटलीच गेली नाही, हेही खरे.

१९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या खोऱ्यात गेले. डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीच्या शिक्षेखाली तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र पाठवून तिकडे येण्याची विनंती केली होती. ज्या वाटांवर माणसे दिवसाही जायला धजत नसत, त्या वाटांनी ६४ वर्षांचा हा कृश माणूस चालला आणि २० डाकूंनी त्याच्यापुढे शस्त्रे ठेवली. डाकूही भीतीतच जगत होते. पोलिसांची, शत्रूंची, एकमेकांची भीती. समोरचा आपल्याला घाबरत नाही आणि आपल्याला घाबरवतही नाही, हा अनुभव त्यांना बहुधा प्रथमच येत होता.

एवढ्या अभयाच्या माणसावरही गंभीर आक्षेप घेतले गेले. १९७५ च्या आणीबाणीत विनोबा वर्षभराच्या मौनात होते. त्या काळात त्यांच्या नावाने पुढे आलेला अनुशासन पर्व हा शब्द सरकारने आपल्या समर्थनासाठी वापरला. नंतर त्यांनी आपला अर्थ निराळा असल्याचे, अनुशासन हे आचार्यांचे असते, शासनाचे नव्हे, असे सांगितले. तरी महाराष्ट्रातल्या अनेकांना ते पटले नाही. बोलायला हवे होते तेव्हा ते बोलले नाहीत, ही टीका आजही होते, आणि त्यांचे चरित्र सांगताना ती गाळता येत नाही.

औषध घेतले, औषध नाकारले

डॉक्टरांच्या दृष्टीने विनोबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारातल्या चांडील येथे त्यांना तीव्र मलेरिया झाला. त्यांनी आधी औषध नाकारले. प्रकृती चिंताजनक झाली. देशभरातून विनवण्या झाल्या आणि अखेर त्यांनी औषध घेतले. ते बरे झाले आणि पुढे आणखी बारा वर्षे चालले. चंबळ, केरळ, आसाम हे सारे त्या औषधानंतरचे आहे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले. डॉक्टरांनी आणि जवळच्यांनी खूप विनवले. या वेळी ते बदलले नाहीत. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, त्यांनी शांतपणे देह ठेवला. पतंजलीने ज्याला विद्वानांनाही न सुटणारा क्लेश म्हटले, तो या माणसाच्या चेहऱ्यावर शेवटच्या दिवसांत कुणाला दिसला नाही. हे योग्य होते का, यावर तेव्हाही वाद झाला. ज्या विकारावर उपचार शक्य आहेत, त्यात ते थांबवणे कोणत्याही डॉक्टरला सहज मान्य होणार नाही. सर्व कामे सोडून दिलेल्या, क्षेत्रसंन्यास घेऊन एका जागी बसलेल्या वृद्धाचा तो निर्णय होता. तो कुणासाठीही नमुना नव्हे.

हे सांगण्याचे कारण रोजच्या आयुष्यात आहे. छातीत दुखत असूनही दवाखान्यात न जाणारा चाळिशीतला माणूस आपल्याला कशाची भीती नाही, असे म्हणतो. साखर तपासायला टाळणारी बाई मला काही होत नाही म्हणते. पुष्कळदा हे अभय नसते. ती रिपोर्टची भीती असते, धीराचे कपडे घातलेली. गागोद्याच्या आईने मुलाला भुताकडे पाठ फिरवायला सांगितले नव्हते. कंदील घेऊन जायला सांगितले होते. तपासणी हा आजचा कंदील आहे. विंचू चावला तर मंत्र नव्हे, जवळचे सरकारी रुग्णालय, तेही लगेच.

काही भीती मात्र एकट्याने कंदील घेऊन जाण्याच्या पलीकडची असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा आघातानंतर पावसाच्या आवाजाने दचकून उठणे, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसणे, घराबाहेर पडावेसे न वाटणे हे महिन्याहून अधिक काळ टिकले, तर तो आघातानंतरचा तणावविकार असू शकतो. एकाएकी छाती धडधडून मरणाचे भय वाटणे, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे जाणे, हेही उपचार करण्यासारखे आजार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येते. तिथे फोन करणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. भेदरून धावत आलेल्या विनायकलाही त्याच्या आईने भित्रा म्हटले नव्हते.